साहेबांच्या रिकाम्या खोलीतली घंटी

बाबूजी, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहूनच गेली.

नागपूरचं राजधानीपण गेलं, कारभार मुंबईला गेला, तेव्हा साहेबही तिकडे गेले. त्यांची खोली मात्र नागपुरातच राहिली, आणि खोलीसोबत चपराशी म्हणून तुम्ही. अधिवेशनाचे दिवस सोडले तर त्या खुर्चीत वर्षभर कुणी बसत नसे. तरी तुम्ही रोज टेबल पुसायचात, दौत भरायचात आणि व्हरांड्यात घंटीखाली स्टुलावर बसायचात. बाजूचे बाबू म्हणत, "इथं नुसता पंखा फिरते गा, हुकूम तिकडून येते." सगळे हसत. तुम्ही हसत नव्हतात.

नरखेडकडची ती बाई दर मंगळवारी एसटीनं यायची. तिच्या गावच्या दवाखान्याला नर्स हवी होती. नर्स नागपुरातच तयार होती, नेमणुकीची सही तेवढी मुंबईला अडकलेली. बाईच्या सुनेचं पहिलं बाळंतपण, आठवा लागलेला. "दादा, नर्स येत नसन तं पोरीले माहेरी धाडतो. तिकडं मोठा दवाखाना हाये. दिवस भरले का मंग नेता येत नाई. तुमी फक्त सांगा." तुम्ही तिला पुढच्या मंगळवारी यायला सांगायचात.

अशाच एका मंगळवारी, ती व्हरांड्यात बसलेली असताना, मी तुमचा डबा घेऊन आले होते. नुकतीच मॅट्रिक झालेली, अंगात अजून पोरकटपणा. मागच्या दारानं खोलीत शिरले. रिकाम्या खोलीतून घंटी वाजली तर तुम्ही काय कराल, एवढंच पाहायचं होतं. टेबलावरचं घंटीचं बटण दाबलं आणि कपाटाआड झाले. तुम्ही लगेच येता. टोपी सारखी करता, खुर्चीसमोर उभे राहता. "जी साहेब." थांबता. "बाई दर मंगळवारी येऊन राहिली, साहेब. सुनेचे दिवस भरत आले." पुन्हा थांबता, कुणी हळू बोलत असलं की पुढे करतात तशी मान पुढे करून. पंखा बंद आहे, खिडक्या लावलेल्या आहेत, आणि टेबलावरच्या कागदाचा कोपरा उचलला जातो. "सही इथूनच करता? मुंबईले नाही पाठवत? बरं साहेब."

बाहेर तुम्ही तिला म्हणालात, "काम झालं, बाई. नर्स येते."

"पक्कं ना गा, दादा?"

"साहेबांनी सांगतलं."

"मंग नाई धाडत पोरीले."

मी कपाटाआडून बाहेर आले तेव्हा तुमचा चेहरा असा उजळला होता की तोंडाशी आलेलं मी गिळलं. ती एसटी स्टँडकडे चालत गेली. धावत जाऊन तिला गाठता आलं असतं.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मुंबईची मंजुरी आली तेव्हा उन्हाळा लागला होता, सुनेचे दिवस केव्हाच भरून गेले होते. तुम्ही तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवलात आणि घरी येऊन जेवला नाहीत. नंतर त्या बाईचं नाव तुम्ही कधी काढलं नाही, मीही नाही. नरखेडची एसटी रोज सुटते. त्या सुनेचं काय झालं ते विचारायला मी एकदाही तिच्यात बसले नाही.

हे पत्र कुठे टाकायचं, म्हणून पोथीत ठेवते. देवापुढे बसले की नवऱ्यासाठी, मुलांसाठी मागून होतं, आणि शेवटी एकच मागते: तुम्ही थांबत होतात तेव्हा त्या खुर्चीतून खरंच कुणीतरी बोललेलं असू दे. कारण खोलीत कुणी नसेल, तर ती पोर माझ्या एका बोटामुळे नर्सविना गावात राहिली.