बेस हाक मारत नाही

आर्थर्स पास, ३ फेब्रुवारी १९८७

प्रिय डंकन,
स. न. वि. वि.

केक पोचला. अर्धा मी खाल्ला, अर्धा किआ पोपटांनी. डबा उघडायला त्यांना माझ्यापेक्षा कमी वेळ लागला.

काळजी बेसची आहे. अकरा वर्षं मी या एका किआ मादीच्या हाका टिपतेय, आणि या उन्हाळ्यात तिनं हाक मारणंच सोडलंय. नुसती येते, माझ्या बुटाची नाडी ओढते नि बघत बसते. टेपरेकॉर्डरचा आवाज दाखवणारा काटा अधूनमधून हलतो, पण तो वाराच असणार. म्हातारपणी किआ मुक्या होतात, असा निबंध लिहून ठेवलाय; महिनाअखेरीस छापायला पाठवीन. लिहिताना रडू आलं, हसू नकोस. लोकर कातरून झाली की वर ये.

लोभ असू दे, आणि पुढच्या केकात मनुका जास्त.
तुझी धाकटी,
हेस्टर

फेअरली, १९ फेब्रुवारी

प्रिय हेस्टर,
अ. उ. आ.

हे समोर बोलायला हवं होतं, धीर झाला नाही. शनिवारी मी वर आलो नि तू चहा ओतत होतीस, तेव्हा बेस छपरावर बसून इतकी ओरडत होती की माझा कुत्रा खाटेखाली घुसला. तू मला साखर किती विचारलंस. मी दोनदा सांगितलं, तू तिसऱ्यांदा विचारलंस.

बाबांचंही साठीनंतर असंच झालं होतं, आणि आपण त्यांना हेकट म्हणायचो. बये, पक्षी ठणठणीत आहे. माझ्या नव्या बुटांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही एवढंच. निबंध पाठवू नकोस, आधी कान दाखव.

रागावलीस तरी चालेल, पत्रं बंद करू नकोस.
तुझा,
डंकन

आर्थर्स पास, ६ मार्च

प्रिय डंकन,
स. न. वि. वि.

चार दिवस रागावले होते. मग क्राइस्टचर्चला जाऊन कान दाखवले. वरच्या पट्टीतलं फारसं काही उरलेलं नाही. निबंध चुलीत घातला आणि पोटभर रडले.

नंतर तुझे बूट आठवले. जुनी टिपणं काढून बसले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काटा पाच-सहादा हलायचा, म्हणजे तिच्या तेवढ्या हाका, मी मान वर करायचे नाही, मग बेस उतरून नाडी ओढायची. जानेवारीत एकदाच हलायचा, की लगेच नाडी. तुला ऐकू येतं, म्हणून तुझ्या नाडीला चोच लावली नाही. तुझ्या, माझ्या, डॉक्टरच्याही आधी तिला कळलं होतं, आणि तिनं माझा नाद सोडला नाही.

आता निबंध हाच. ऐकायला मात्र कुणीतरी हवं. हाका तू लिहून घे, नाड्या मी मोजते.

लोभ आहेच. येताना बुटाच्या नाड्या आण, माझ्या सगळ्या तुटल्या.
तुझी,
हेस्टर