उजवीकडचं वळण

प्रिय भिंगरी,

तुझे स्केट्स पोचले. सोबत एक न धुतलेला मोजाही पोचला. पार्सल उघडायच्या आधीच वासावरून कळलं कोणाचं आहे ते. तू फोनवर घाईघाईत सांगितलंस ते मी नीट ऐकलं होतं. नव्या क्लबात बर्फावर डावीकडे वळताना पाय निसटतो, उजवीकडे वळताना धाडकन आपटतेस, कोचबाई हल्ली ओरडतही नाहीत, आणि महिनाअखेरीला संघ निवडायचा आहे. बाबांच्या चाकावर धार लावून लगेच पाठव, नाहीतर मी बॅग भरून घरी येते, असं म्हणून तू फोन ठेवलास. मी लगेच पाठवले नाहीत. आठवडा लावला. रागावली असशील. पण या आठवड्यात मी जेवढी हसले, तेवढी तुझे बाबा गेल्यापासून हसले नव्हते. तेव्हा बैस, आणि सगळं वाच.

आधी मलाही वाटलं, तुझ्या क्लबातलं मशीनच टाकाऊ असणार. आपल्या धारेच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला दुसरं काय वाटणार. पण सध्या मी वाचनालयातून धातू घासण्यावरचं एक जाडजूड पुस्तक आणलंय. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचते, अर्धं कळतं, अर्धं चाकापाशी उभी राहिल्यावर कळतं. त्यातली एक गोष्ट पटली: एखाद्या रीतीला नावं ठेवायची असतील तर तीच वस्तू आधी दुसऱ्या रीतीने करून बघावी. मग ठरवलं, तुझंच पातं तीन रीतींनी धारेला लावायचं आणि दरवेळी बर्फावर बघायचं. मला तर कठड्याला धरूनच चालता येतं, म्हणून पोस्टवालीला पकडलं. तिचा पाय तुझ्याएवढाच. शिवाय आपल्या गावच्या हॉकी संघातली तुझी जागा तिलाच मिळालीये, तेव्हा तिने चार वेळा पडायला काही हरकत नव्हती.

पहिल्यांदा रिंकवरच्या दुकानातला डबा. तुझ्या क्लबात आहे तसाच. पातं आत घालायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. आतलं चाक आपलं आपण फिरून येतं आणि पात्याच्या मधोमध हवी तेवढी पन्हळ पाडतं. कपडे धुवायचं मशीन बघत बसावं तसे आम्ही बघत बसलो. ठिणगी नाही, वास नाही, आणि दुकानदार बाजूला उभा राहून सफरचंद खातोय. धार मात्र चांगली आली, खोटं कशाला बोलू. पोस्टवाली डावीकडे वळली ती लांबवर घसरत गेली. उजवीकडे वळली आणि बसली. म्हटलं, बघा, डबाच वाईट.

मग आपल्या गोलकीपर काकांकडे गेले. ते अजून हातानेच धार लावतात. पातं लाकडी साच्यात उलटं आवळायचं, तेल टाकायचं आणि गोल पाठीचा दगड फिरवत राहायचं. तुझ्या एका जोडीला त्यांनी अख्खी दुपार घेतली, त्यात बाबांच्या तरुणपणाच्या चार गोष्टी सांगून झाल्या, त्यातल्या दोन मला माहीत नव्हत्या आणि एक मी तुला सांगणार नाही. हाताच्या धारेत पोलाद कमी झिजतं, पातं दुप्पट टिकतं, पण बोट लावलं तर चाकाची कडक धार नाही, जरा मऊ असते. पोस्टवालीला आवडली. आवडली म्हणाली आणि उजवीकडच्या वळणावर परत बसली. या वेळी उठायच्या आधी तिने मला विचारलं, वहिनी, तुम्ही माझा कसला सूड घेताय.

शेवटी आपलं चाक. ते सुरू करताना मला अजून काही होत नाही, थांबताना होतं. त्याचा आवाज खाली उतरायला लागला की माझ्या तोंडून आपोआप 'झालं का?' निघतं, आणि मग आठवतं की चालवणारी मीच आहे. असो. ठिणग्या उडाल्या, तेलाचा हात फिरवला, पोस्टवालीने पाय घातले आणि बाई वाऱ्यासारखी सुटली. डावीकडे काय, उजवीकडे काय. मला आनंदच झाला. घरी येईपर्यंत आनंद होता. भांडी घासताना मात्र डोक्यात आलं: डबा आणि काकांचा दगड यांची एकमेकांशी ओळखदेख नाही. एक यंत्र, एक म्हातारा. दोघांच्या धारेवर पोरगी एकाच वळणावर पडते. मग चुकणारे ते दोघं की तिसरा?

हात पुसून तशीच दुकानात गेले. तुझं पातं उलटं धरलं, त्याच्या दोन्ही कडांवर एक छोटी पट्टी आडवी ठेवली. पात्याला दोन कडा असतात आणि दोन्ही एका उंचीवर पाहिजेत, हे तू मला शिकवायला नको. पट्टी डावीकडे वर. मला वाटलं माझाच हात चुकला. मग फळीवरच्या, लोकांनी आणून टाकलेल्या, आपल्याच चाकावर धार लागलेल्या जोड्या काढल्या. सगळ्या डावीकडे वर. माळ्यावरून बाबांनी स्वतः धार लावलेले जुने स्केट्स उतरवले. ते तर जास्तच. चाकाजवळ बूट धरणारा जो चिमटा आहे, त्याची उंची ठरवणारा स्क्रू बाबांनी डोळ्यांनी बघून बसवला होता, आणि मी त्याला कधी हात लावला नाही. मी बुचकळ्यात पडले. एवढा बारीक नजरेचा माणूस, तो असा कसा चुकेल?

आणि मग भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे लक्ष गेलं आणि मी खाली बसून हसले. अगं, त्यांची मान. तरुणपणी बर्फावर पडल्यापासून ती एका बाजूला कललेली. फोटोवाला बिचारा येऊन येऊन सरळ करायचा आणि मागे वळला की परत वाकडी. त्या वाकड्या मानेने बघून त्यांनी स्क्रू बसवला. त्यांना तेच सरळ दिसत होतं.

म्हणजे काय झालं, लक्षात येतंय का? आपलं सगळं गाव त्यांच्या मानेवर खेळतंय. आपली पोरं डावीकडे वाऱ्यासारखी वळतात म्हणून बाहेरचे संघ घाबरायचे आणि बाबा म्हणायचे, आपल्या पाण्यातच काहीतरी आहे. पाण्यात काही नव्हतं. डावी कड उंच, ती बर्फात आपोआप रुतायची. उजवीकडे वळताना बुटकी कड पुरत नाही, म्हणून प्रत्येक जण लहानपणापासून जास्त झुकायला शिकला. सरळ पात्यावर तेवढं झुकलं की माणूस आडवाच होणार.

मी संघाला बोलावून हे सांगितलं. पोस्टवाली म्हणाली, म्हणजे मी उगाच पडले नाही, इतिहासामुळे पडले. पोरं म्हणाली, आता सरळ धार द्या. कालपासून सगळी टोळी उजवीकडे धडाधड पडतेय आणि एकमेकांना हसतेय. फक्त गोलकीपर काका ऐकत नाहीत. वर्षानुवर्षं हाताने धार लावतात, पण साच्याचं माप त्यांनी बाबांच्याच पात्यावरून घेतलं होतं, तेही कलतंच निघालं. तुझ्या जोडीसाठी त्यांनी नवा साचा वापरला म्हणून आम्ही फसलो नाही. म्हणाले, वहिनी, मला वाकडंच राहू दे, या वयात सरळ होऊन मी कोणाला तोंड दाखवू.

आता खरं ते लिहिते. काकांनीच मला सांगितलं, तू त्यांना म्हणालीस की बाबा गेले आणि माझ्या पायांतला खेळही त्यांच्याबरोबर गेला. मला म्हणाली नाहीस, कारण मी रडेन असं तुला वाटलं. मी रडलेही. पण त्यासाठी हे पत्र नाही. दुःख आहे, ते तुला आणि मला पुरेल इतकं आहे, पण ते तुझ्या पायांत नाही. तिथे फक्त तुझ्या बाबांची मान आहे. तू मागितलीस तशी धार लावून पाठवली असती, तर निवडीपुरती तू पळाली असतीस आणि पुढच्या धारेला पुन्हा आपटली असतीस. म्हणून परवा मी तो स्क्रू फिरवला. पाना लावून बराच वेळ नुसती उभी राहिले, मग फिरवला. तुझी जोडी सरळ चाकावरची पहिली. निवड होईल की नाही, मला सांगता येत नाही. बॅग मात्र भरू नकोस. उजवीकडे वळ, आणि आता थोडं कमी झुक.

इथून तुझ्यावर डोळा ठेवून असलेली,
तुझीच,
आई