अंबरीचा रस मीच प्यालो

अमरावती,
बुधवार

तीर्थरूप साधनाताईस,

किसनचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझी शुगर आणि भगवंतराव भाऊजींचे गुडघे आवाक्यात असावेत. इकडे मी सोडून सर्वांची प्रकृती उत्तम आहे. मला झोप नाही. फोनच केला असता, पण आचल घरात असते आणि माझा फोनवरचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, म्हणून पत्र.

तुला ठाऊकच आहे, माझी ही लेक एम.एस्सी.साठी सफरचंदांतलं क जीवनसत्त्व मोजते. कोणत्या जातीत किती, आणि रस काढल्यावर त्यातलं किती उरतं. (आपल्या शेंदूरजनाघाटच्या संत्र्यात याच्या कितीतरी पट असतं, हे मी तिला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, "ते सगळ्यायलेच माहीत हाय, बाबा.") गेल्या शनिवारी तिने लाल डिलिशियस, हिरवं ग्रॅनी स्मिथ आणि काश्मिरी अंबरी यांचे रस काढले, तीन बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि स्कूटीत पेट्रोल भरायला गेली. अंबरी तिच्या मैत्रिणीने श्रीनगरहून आणलेली, मोजून सहा, आणि ती सगळी या तपासणीतच संपली. मी ऑक्टोबरच्या उन्हातून बँकेतून आलो. बाटलीवर चिठ्ठी होती, पण माझा चष्मा खिशात होता. तो लावला तेव्हा अर्धी अंबरी पोटात गेली होती.

घाबरून मी घरातलं साधं सफरचंद मिक्सरमधून काढलं, गाळलं आणि बाटली भरली. दोन मिनिटांत रस तपकिरी पडला. मग एक लिंबू पिळलं. (फोडी काळ्या पडू नयेत म्हणून आई पिळायची.) रंग असा उजळला, की मला स्वतःचं कौतुक वाटलं. लिंबातही तेच जीवनसत्त्व भरलेलं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

कॉलेजात रसात स्टार्च घालून आयोडीनचे थेंब टाकतात, जीवनसत्त्व संपलं की तो निळा होतो. अंबरीचं फळ आधी तपासलं तेव्हा पाच-सहा थेंबांत निळं झालं होतं. त्याच अंबरीचा रस चाळीस थेंबांनीही होईना. तीनदा केलं, तेच. तिचे सर म्हणाले, फळापेक्षा रसात जास्त कसं, बाहेरून काही घातलं का? आचलने शपथेवर नाही म्हटलं. ती शपथ मला खाते आहे, ताई. येत्या शनिवारी ती तुमच्या अकोल्यात परिषदेत हेच आकडे मांडणार. तिथे कोणी तिला खोटी ठरवलं तर? तिच्यासमोर जेवायला बसतो, घास उतरत नाही. ती म्हणते, "डॉक्टरले दाखवा न, बाबा."

बाकी क्षेम.

तुझा,
किसन

ता. क. त्या शनिवारी तू आमच्याकडेच होतीस, आतल्या खोलीत झोपलेली. रस तू प्यालीस, असं तिला सांगशील का? आत्यावर ती चिडत नाही.

ता. क. २. वरची विनंती रद्द. पत्र टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो, तेवढ्यात आचलने वाचलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "रसाचं काही नाही. चार दिवस संगं जेवले, मंग बोलले काहून नाही?" तिने लगेच सरांना फोन करून अंबरीचा रस तक्त्यातून काढायला लावला. सर म्हणाले, नमुन्याचं काय झालं ते ज्याने केलं त्यानेच परिषदेत उभं राहून सांगावं. तेव्हा शुक्रवारी आम्ही दोघेही येतो. शनिवारी सकाळी माझ्या पोटात दुखायला लागलं, तर विश्वास ठेवू नकोस.