पाहुण्याचं बोलणं

बाबा,

गेल्या रविवारी दुपारी मी आणि तुझी नात, आम्ही दोघींनी मिळून तो एपिसोड पाहिला. दुसऱ्या ग्रहावरचा पाहुणा चाळीत राहायला येतो, तो. मी लहान असताना रविवारी सकाळी आपल्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर ती हिंदी मालिका लागायची. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून तो भाग मोबाईलवर टाकलाय. चित्रात मधूनच आडव्या रेघा येतात, पण आवाज स्वच्छ आहे. नातीला तू पाहिलं नाहीस. तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि ती आता आठ वर्षांची आहे. नाक तुझं घेतलंय, हट्टही तुझाच. त्या पाहुण्याची गोष्ट मी तिला भात भरवताना इतक्या वेळा सांगितली होती की शेवटी तीच म्हणाली, "आता मला तो खरा खरा दाखव."

ते दिवस अजून डोळ्यांसमोर आहेत. मी सहा वर्षांची आहे. रात्रपाळी करून तू सकाळी आठला भिवंडीहून अंजूरला घरी पोचतोस. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर सुताची पांढरी लव बसलेली असते. आई चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या टाकते. चहा घेऊन तू खरं तर झोपायला हवंस, पण भिंतीला टेकून बसतोस आणि मी तुझ्या मांडीत येऊन बसते. मला तेव्हा हिंदीचं अक्षर कळत नव्हतं. तू लूमवर, यंत्रमागावर, यूपी-बिहारच्या माणसांत वावरलेला, तुला सगळं यायचं. म्हणून पडद्यावर जे बोललं जाईल ते तू मला आपल्या बोलीत सांगत राहायचास.

पाहुण्याच्या डोक्यावर गोल पत्र्याचा डबा, डोळ्यांच्या जागी दोन दिवे. त्याचं यान बिघडतं आणि चाळीच्या गच्चीवर पडतं. एक कुटुंब त्याला घरात लपवतं आणि शेजाऱ्यांना सांगतं, हे आमचे गावचे मामा. हा मामा फ्रिज बघतो आणि त्याच्यासमोर हात जोडून उभा राहतो. मी मागं वळून विचारलं, "बाबा, तो पाया का परतो?" तू म्हणालास, "तो बोलतो, आमचे गावाला पन असाच गारवा हाय. घरची याद आली." मला हसावं की रडावं कळेना. शेवटी यान दुरुस्त होतं. घरातली लहान मुलगी गच्चीवर त्याचा हात सोडत नाही, आणि तू सांगतोस, "तो बोलतो, तिकरं माझी पन एक पोर हाय. माझी ड्युटी संपली. आता जातो, ती वाट बघत असंल." एवढं सांगून तू बसल्या बसल्या झोपून गेलास. मी किती तरी वेळ हलले नाही, तुझी झोप मोडेल म्हणून.

तर रविवारी आम्ही तो लावला. चाळीतली माणसं बोलत होती ते अगदी तू सांगितलं होतंस तसंच. बाई नवऱ्याला ओरडते, शेजारीण चोंबडेपणा करते, सगळं बरोबर. मग फ्रिज आला. पाहुण्यानं हात जोडले आणि म्हणाला, "महाराज, इस घर के मालिक तो आप ही लगते हैं. सबसे मोटे आप ही हैं." नात खदखदून हसली, आणि हसता हसता थांबली.

"आई, तू तर म्हणायचीस त्याला घरची आठवण येते."

"आजोबांनी मला तसंच सांगितलेलं."

गच्चीवरच्या निरोपाला मी अंग चोरून बसले. पाहुणा त्या मुलीला म्हणाला, "थोड़ी चाय पत्ती बाँध दो बेटा, मेरी गाड़ी अब उसी पर चलेगी." आणि गेला उडून. मुलीबिलीचं नावच नाही.

"त्याची मुलगी कुठंय?" नातीनं विचारलं. मग तिनं सरळच विचारलं, "आजोबा खोटं सांगायचे?"

मी म्हटलं, "नाही गं. आजोबांना शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं. पण तेव्हा तर ते तरुण होते."

तिनं मोबाईल हातात घेतला. "मग आवाज बंद करून बघूया? आजोबांसारखं?"

आवाज बंद करून आम्ही तो भाग पुन्हा पाहिला. नात मोबाईलला नाक लावून बसली होती. "आई, ही बाई 'चूप रहो' म्हणाली. ओठांवरून कळतं," ती म्हणाली. आणि पाहुणा आला तशी, "ह्याचं नाही कळत. ह्याला तोंडच नाही ना. नुसता डबा."

बाबा, ज्यांचे ओठ दिसत होते, त्यांचंच सगळं तू बरोबर सांगितलं होतंस.

मला तुझं लूमचं खातं आठवलं. मी पाचवीत असेन. तू डबा विसरला होतास म्हणून आईनं मला शेजारच्या काकांबरोबर पाठवलं. आत पाऊल टाकलं आणि छातीत धडधडायला लागलं, इतका तो खडखडाट. तिथं कुणी ओरडतच नव्हतं, सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघून आणि हातवारे करून बोलत होते. तू जॉबर, बिघडलेला लूम दुरुस्त करणारा. एका चालू लूमच्या फ्रेमवर तळहात टेकवून, डोळे मिटून उभा होतास. मला गंमत वाटली. मीही जाऊन तुझ्या शेजारी हात टेकवला. तू डोळे उघडलेस आणि माझा हात असा हिसडलास की डबा खाली पडला. "बोट जाईल ना! मरायचंय तुला?" आयुष्यात तेवढा एकदाच तू माझ्यावर ओरडलास. त्या आवाजात मला शब्द ऐकू आले नाहीत. तुझ्या ओठांवरून कळले.

सोमवारी वळ गावच्या गोदामातली ड्युटी संपवून मी घरी न जाता रिक्षानं अंजूरला गेले. आई ओटीवर सुकट निवडत होती. मी विचारलं, "आई, बाबांना कवापासून ऐकू येत नव्हतं?"

तिनं मान वर केली नाही. "आज काय मधीच?"

"सांग ना."

"तुझे जन्माचे आधी एक कान गेला. दुसरा तू तीन-चार वर्षांची असताना. मना बोलला, कोनाला बोलू नको. जॉबर आवाजावरशी बिघाड वलखतो. त्याला ऐकाला येत न्हाय असा मालकाला समजला तं ठेवंल का?"

"मग तो काम कसं करायचा?"

"हात लावून." तिनं स्वतःचा तळहात ओटीच्या लादीवर टेकवून दाखवला. "हातानी समजाचा त्याला."

"आणि मला? मला पण नाही सांगितलंत?"

"तू पोर. शालेत जाऊन बोलली असतीस." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आनि तुझेसमोर त्याला सगला येत होता. तुला तसाच वाटाला पायजे होता त्याला."

येताना रिक्षात मी तुझ्यावर रागावले होते. दोन दिवस राग गेला नाही. निदान मी मोठी झाल्यावर तरी सांगायचंस. मी समोर येऊन बोलले असते. पाठमोरी, भांडी घासत, केस विंचरत किती काय काय सांगितलं मी तुला! नोकरी लागल्याचंही पाण्याचा हंडा भरताना, तुझ्याकडं पाठ करून सांगितलं. तू "हां" म्हणालास, आणि मला वाटलं, बाबाला त्याचं काहीच नाही. किती दिवस मी ते मनात धरून होते. ते आता काढून टाकलं, एवढं तुला कळवायचं होतं.

नातीनं काल तिच्या मैत्रिणीला पाहुण्याची गोष्ट सांगितली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तिनं तुझीच सांगितली. मुलगी, ड्युटी, सगळं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, वहीतच राहील. म्हणून एक सांगते, जे तिलाही सांगितलं नाही. तुझे फोटो आहेत, पण आवाज कुठंच नाही, आणि तो मला आता आठवत नाही. गेली काही वर्षं खूप प्रयत्न करते, येतच नाही. फक्त तू सांगितलेली त्या पाहुण्याची दोन वाक्यं कानात राहिली होती. तो भाग मी पोरीसाठी शोधला नव्हता, बाबा. मला वाटलं होतं, तो लावला की तू बोलशील.