शेंड्यावर उभा खांब

बाबा, कारंज्याच्या त्या घरी तुम्ही दर वर्षी कशाला जात होता, हे मला मागच्या आठवड्यात कळलं, आणि तेव्हापासून माझं कशात मन लागत नाही.

त्याच घरच्या बाईंनी आता तुमच्या माघारी मला लाकडाला तेल द्यायला बोलावलं होतं. बाई आता म्हाताऱ्या झाल्या, घर मात्र जसंच्या तसं आहे. सगळा सागवानी सांगाडा. दगडी बैठकीवर खांब, खांबांवर तुळया, सांध्यात लाकडी खुंट्या, लोखंडाचा खिळा औषधालाही नाही. भिंती काढून घेतल्या तरी वरचा मजला हलायचा नाही. पण मी काम कमी आणि तपास जास्त करत होतो, खोटं कशाला बोलू. तुम्ही कुठे बसत असाल, चहा कोण आणून देत असेल, हेच पाहत होतो. धनजहून तुम्ही निघायचात ते धुतलेला सदरा घालून, हत्यारांची पिशवी घरीच ठेवून. हत्याराविना सुतार एका विधवा बाईच्या घरी काय करतो? आईनं एकदाच विचारलं. तुम्ही म्हणालात, "काम हाय." मग तिनं कारंज्याचं नावच टाकलं.

बाई म्हणाल्या, "तुये बाबा यायचे, त्या कोपऱ्यातल्या खांबाले हात लावून पाह्यचे, चहा प्यायचे अन् जायचे. मी म्हणो, मिस्त्री, चांगला त हाय खांब. त म्हणत, लाकूड बसलं का पाह्यतो." मला ते पटलं नाही. इतकी वर्षं लाकूड बसत असतं का कुठे?

तेलाचं फडकं फिरवताना गाठी दिसल्या. सोप्यातले सात खांब जुने, कोपऱ्यातला आठवा तुम्ही बदललेला. सातांच्या गाठी वर कललेल्या, झाडाची फांदी वर जाते तशा. तुमच्या खांबाच्या गाठी खाली कललेल्या. बुडखा वर, शेंडा खाली.  एका चौकटीत मी हीच चूक केली, तेव्हा माझ्या हातातली पटाशी हिसकून तुम्ही ओरडला होतात, "झाड उलटं उगवते काय रे? उलटं लाकूड घरातल्या मानसाले खाते." आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तो राग माझ्यावरचा नव्हताच तर. वरचं वजन खांबावर आल्यावर तुम्हाला दिसलं असणार. काढता येईना, सांगता येईना. म्हणून दर वर्षी त्या घरातली माणसं धड आहेत ना, एवढं पाहून येत होता. मला रागच आला तुमचा. अहो, घरी तरी सांगायचं.

बाईंना मी काही बोललो नाही. तेल देऊन परत आलो.

काल आईला सांगितलं. ती तूर निवडत होती. "एका लाकडापायी?" म्हणाली. "मले सांगतलं असतं त मी काय खाल्लं असतं त्यायले?" सुपातले दोन खडे तिनं वेचून टाकले. मग म्हणाली, "पन मले कोनं सांगतलं होतं रे, तुये बाबा बाईसाठी जातेत म्हनून? कोनीतरी सांगतलं होतं."

मी म्हटलं, "मले नाई आठवत."

हा कागद कोणाला द्यायचा नाही, म्हणून लिहितो. मला आठवतं, बाबा. तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता ना, त्याच आठ दिवसांत मी सांगितलं होतं. पाहिलं काहीच नव्हतं.