धायटीला लावलेला कोयता

आई, तुझ्या धायटीनं मला पार जेरीस आणलंय. चार वर्षं झाली, पाला बघावा तर हा एवढा, पण फूल म्हणशील तर एक नाही. पोलादपूरच्या वर माहेरच्या बांधावरून तिच्या बुडाशी फुटलेलं रोप मी एसटीत मांडीवर धरून दासगावला आणलं. पुढच्याच पावसात दरड आली आणि तुझं झुडूप बांधासकट खाली गेलं. आता तुझं म्हणून एवढंच उरलंय, आणि तेही रुसून बसलंय! शेणखत घातलं, तांदळाचं धुवण घातलं, उन्हाळ्यात कळशीकळशीनं पाणी घातलं. दिवाळी सरली की भाताच्या वाफ्यावर जाळायला सगळे राब तोडतात, तेव्हा मीही हिच्या फांद्या न चुकता छाटते. छाटलं की झाड जोमानं फुटतं, हे तूच शिकवलंस ना? सूनबाई म्हणते, "आई, रानातलं झुडूप ते, सोडा ना नाद. जास्वंद आणूया." असा संताप होतो माझा!

दुकानातला खाऊ तू कधी दिला नाहीस. शिमग्याच्या आधी ओंजळभर लाल फुलं द्यायचीस, नि मी मध चोखत शाळेत जायची. मला तीच फुलं हवी आहेत.

परवा पाण्याच्या टाकीमागं झाडायला वाकले, तर भिंतीला चिकटलेली धायटीची एक फांदी फुलांनी लाल झालेली. माझा कोयता पोचत नाही, नेमकी तीच. आणि एकदम आठवलं. आठ-नऊ वर्षांची मी, राबाचा भारा मोठा दिसावा म्हणून तुझी धायटी तोडते आहे, आणि तू पाठीत धपाटा घालतेस. "मेले, हिला कशाला हात लावलास गो? जुन्या काटकीवर फूल धरते ती. आता यंदा काय चोखशील?" मी रडत घरी पळाले. पन्नास वर्षं तो धपाटा तेवढा लक्षात ठेवला, तुझ्यावर धुसफुसत राहिले, आणि तू सांगितलेलं साफ विसरले. कर्म माझं!

हे पत्र टाकू तरी कुठं? कोयता माळ्यावर ठेवलाय, त्याच्याखाली हेही ठेवते. आणि एक सांगते, रागावू नकोस. फुलं सुनेला दाखवली नाहीत, नातीलाही एक ठेवलं नाही. तिथंच टाकीमागं बसून सगळी मीच चोखली.