ऑर्गनसोबत मिळणारी मुलगी

मी, रेगिना टोडेमान, वय सहासष्ट, ओस्टरविंकेलच्या चर्चमधील दिवंगत ऑर्गनवादक योहान टोडेमान यांची थोरली मुलगी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

१. माझे राहते घर, जे मी गावातल्या मुलींना वादन शिकवून घेतले, ते माझी भाची सिबिला हिचे होईल. तिचे वडील चर्चचे सध्याचे ऑर्गनवादक; त्यांच्या जागी जो नवा येईल त्याने तिच्याशी लग्न करावे, असा नगरसभेचा ठराव आहे. आमच्याकडे पूर्वीपासून असेच चालते. हे घर त्या ठरावाला बांधलेले नाही. तिने नकार दिला तरी घर तिचेच.

२. नगरसभेचे कारभारी लूडर यांना माझा चष्मा द्यावा. मुलगी आणि ऑर्गनची नळी यांतला फरक त्यांना कदाचित दिसेल.

३. हिरव्या पुठ्ठ्याची वही राजदरबारचे संगीतप्रमुख मेल्खिओर ब्रांडिस यांना पाठवावी. त्यांच्या छापील चरित्रात ते 'स्वतःच शिकले' असे आहे. मी ते मनाला लावून घेतलेले नाही. थोडे घेतले आहे.

मेल्खिओर नऊ वर्षांचा असताना वडिलांकडे शिकायला आला. पाववाल्याचा मुलगा, कानात पीठ. सकाळी खिशातून दोन गरम पाव आणायचा. त्यांवर आम्ही बोटे शेकायचो आणि मग ते खाऊन टाकायचो. त्याचे पाय खालच्या पट्ट्यांपर्यंत पोचत नसत, म्हणून एकाच बाकावर तो हातांनी वाजवी आणि मी पायांनी.

"रेगिना, तुझा पाय उशिरा पडला!"

"माझा पाय जागेवर आहे. तुझे हात उधळलेत."

वडील खालून ओरडत, "भांडा, पण तालात भांडा!"

त्या वहीत त्याची पहिली रचना आहे. वरचे सूर त्याच्या अक्षरात, खालचे माझ्या. तेवढे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

४. ब्रांडिसने मला टाकले, असे गाव त्रेचाळीस वर्षे म्हणत आले. ते खोटे आहे. तो वीस वर्षांचा झाला तेव्हा नगरसभेने त्याला वडिलांची जागा देऊ केली: ऑर्गन, त्याला हवा देणारे भाते आणि मी. तो वडिलांना म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, गुरुजी." मी भात्यांमागे उभी राहून ऐकले. सकाळी त्याला गाठले.

"तुला हॅम्बुर्गला जायचंय ना? खरं सांग."

त्याने मान डोलावली.

"मग जा."

"आणि लोक तुला काय म्हणतील?"

"म्हणू देत. माझं मी बघीन."

तो गेला. माझे त्याच्यावर प्रेम होते, हे येथे पहिल्यांदाच लिहिते. "तूही चल," एवढे तो म्हणाला असता, तर मी अनवाणी गेले असते. तो म्हणाला नाही.

हे कलम सिबिलाला मोठ्याने वाचून दाखवावे. पोरी, मी कोणी विचारायची वाट बघत बसले. तू बसू नकोस. ज्याच्यासोबत जावेसे वाटेल, त्याला तूच विचार.

सही: रेगिना टोडेमान
साक्षीदार: हिन्रिक पापे, चर्चचा घंटावाला
यूर्गेन व्हिटे, शाळामास्तर
ओस्टरविंकेल, ११ ऑक्टोबर १७१८